‘संत तुकाराम’ बोलपट आणि इंद्रायणीकाठची परंपरा

लोकप्रिय नट आणि लोकप्रिय माध्यमे यांचा समाजावर परिणाम होतो, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची आवश्यकताच कोणास भासत नाही. नटीच्या केशरचनेचे अनुकरण झाले, नटाच्या पोशाखाची तऱ्हा तरुणांनी उचलली, एखादे गीत वरातीच्या वाजंत्रीत शिरले, म्हणजे परिणाम सिद्ध झाला असे धरले जाते. वस्तुतः अशा अनुकरणाचे आयुष्य फार थोडे असते. नवा नट आला की जुनी तऱ्हा मावळते आणि तिची नोंद जुन्या छायाचित्रांपुरती उरते. इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न याहून निराळा आहे. समाजाजवळ पूर्वीपासून जे संचित होते त्यातील कोणता भाग नव्या माध्यमाने बदलला, आणि कोणता भाग त्याला बदलता आला नाही? या प्रश्नाचे उत्तर सामान्य सिद्धांतांतून मिळणे कठीण आहे. ते एखाद्या मर्यादित उदाहरणातूनच शोधले पाहिजे. प्रस्तुत लेखात असे एक उदाहरण घेतले आहे. ते म्हणजे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट, आणि ज्या नदीच्या काठी त्या बोलपटाचा नायक तीन शतकांपूर्वी वावरला त्या इंद्रायणीच्या काठची वारकरी परंपरा.

या दृष्टीने खेड तालुक्यातील निघोजे हे गाव मोठ्या सोयीच्या ठिकाणी वसलेले आहे. नदीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी आणि मध्ये निघोजे, मोई, तळवडे, मोशी ही गावे. उत्तरेकडे चाकण. तुकोबांचे टाळकरी व अभंगलेखक म्हणून ज्यांचे नाव परंपरा घेते ते संताजी तेली जगनाडे चाकणचे. ज्या भामचंद्राच्या डोंगरावर तुकोबा चिंतनास जात तो डोंगरही याच मुलखात आहे. आज या भूमीचे रूप पार पालटले आहे. चाकण औद्योगिक क्षेत्राच्या विस्तारात निघोज्याच्या शिवारात मोटारींचे कारखाने उभे राहिले, आणि पिंपरी-चिंचवड शहरासाठी इंद्रायणीचे पाणी निघोजे-तळवडे येथील बंधाऱ्यावरून उचलले जाते. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि त्यापलीकडे उत्तर भारतातून आलेला कामगारवर्ग या गावांतील भाड्याच्या खोल्यांत राहतो. म्हणजे देहू-आळंदीच्या परंपरेत वाढलेले जुने रहिवासी आणि ती परंपरा प्रामुख्याने चित्रांतून, चित्रपटांतून व गीतांतूनच ऐकून आलेले नवे रहिवासी एकाच आळीत नांदत आहेत. मौखिक साहित्याचे संकलन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास ही परिस्थिती जितकी आकर्षक तितकीच फसवी आहे. ती फसवी कशी, ते पुढे येईलच.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लोकप्रिय माध्यम ही बोलपटाने महाराष्ट्रात आणलेली नवी वस्तू नव्हे. ‘कीर्ती’ आणि ‘कीर्तन’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून सिद्ध झाले आहेत. उच्चारणे, सांगणे, गाजविणे हा त्या धातूचा अर्थ. ज्याचे कीर्तन होते त्याची कीर्ती होते, इतका हा संबंध आपल्या भाषेतच उघड आहे. (आज वृत्तपत्रांत सर्रास वापरला जाणारा ‘सेलिब्रिटी’ हा शब्द मराठीत येऊन रुजला तो आपल्याकडे कीर्तीला शब्द नव्हता म्हणून नव्हे. ज्या कीर्तीच्या मागे सांगण्यासारखी कथा असतेच असे नाही, अशा कीर्तीला शब्द हवा होता, म्हणून तो रुजला असे वाटते.) तुकोबांची कीर्ती सतराव्या शतकाच्या मध्यापासून प्रथम कीर्तनानेच पसरविली. नंतर ताहाराबादच्या महिपतीने ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांत तुकोबांचे चरित्र ओवीबद्ध केले, आणि गावोगावी होणाऱ्या पोथीवाचनाने ते घराघरांत पोहोचले. दुष्काळ, दिवाळे, भांडकुदळ परंतु सोशीक पत्नी, इंद्रायणीत बुडविलेल्या आणि तेराव्या दिवशी कोरड्या वर आलेल्या वह्या, शिवाजी महाराजांचा नजराणा परत पाठविणे, सदेह वैकुंठगमन हे सारे प्रसंग सामान्य मराठी माणसाला गाथेपेक्षा महिपतीकडूनच अधिक ठाऊक झाले आहेत. महिपती हा त्या अर्थाने अठराव्या शतकातील लोकप्रिय माध्यमाचाच धनी होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

चरित्राची परंपरा अशी सैल राहिली, तरी अभंगांच्या पाठाची परंपरा तशी सैल राहिली नाही. पाठभेद विपुल आहेत, प्रक्षेप आहेत, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते. विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडितांच्या साहाय्याने सिद्ध केलेली गाथा मुंबई सरकारच्या आश्रयाने १८६९ पासून प्रसिद्ध झाली. संताजी जगनाड्यांच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये ‘अस्सल गाथा’ काढली. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, आणि पाठांतराची, अर्थ लावण्याची व कीर्तनाची एक शिस्त तेथून गावोगावच्या फडांत गेली. विद्वानांनी गाथा छापली आणि वारकऱ्यांनी ती पाठ केली. त्यामुळे कोणता अभंग तुकोबांचा व कोणता नव्हे, हे ओळखणारा वर्ग विद्यापीठाबाहेरही तयार झाला.

या पार्श्वभूमीवर प्रभातचा बोलपट आला. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा मराठीतील पहिला बोलपट तिचाच. ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शन विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी केले, कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळे यांचे. १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात तो प्रदर्शित झाला व तेथे ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांवर यापूर्वी मूकपटही निघाले होते, बोलपटही निघाला होता. त्यांची आठवण आज केवळ सूचीत आहे. मग याच बोलपटाने असे काय केले?

या प्रश्नाचा विचार करताना प्रभातच्याच आदल्या वर्षीच्या एका बोलपटाशी तुलना करणे उद्बोधक ठरते. १९३५ मध्ये व्ही. शांतारामांनी एकनाथांच्या चरित्रावर ‘धर्मात्मा’ काढला. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’. परीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. एकनाथांची भूमिका केली ती साक्षात बालगंधर्वांनी. नारायण श्रीपाद राजहंस या नटाला त्या काळी महाराष्ट्रात जी लोकप्रियता होती तिची बरोबरी करणारे उदाहरण मिळणे कठीण. ‘मानापमान’मधील (१९११) भामिनी, ‘स्वयंवर’मधील (१९१६) रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधील (१९१९) सिंधू या भूमिकांतील त्यांचे लुगडे नेसणे, शालू-शेला घेणे, वेणीत फुले माळणे यांचे अनुकरण सुशिक्षित मराठी घरांतील स्त्रिया करीत. स्त्रियांनी स्त्रीत्वाचे प्रसाधन एका पुरुषाकडून शिकावे, हा नटाच्या प्रभावाचा परमोत्कर्षच म्हटला पाहिजे. असा नट, असा दिग्दर्शक, अशी कंपनी. तरीही एकनाथ म्हटले की बालगंधर्वांची मूर्ती डोळ्यांपुढे यावी असे काही घडले नाही. प्रभातशी त्यांचे सहकार्यही पुढे टिकले नाही.

याउलट विष्णुपंत पागनीस. तेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करूनच पुढे आलेले. परंतु बालगंधर्वांच्या कीर्तीपुढे त्यांची कीर्ती सामान्य होती. अशा नटाने तुकोबा केले, आणि तुकोबांना चेहरा मिळाला. दोन नट, दोघांची पूर्वपीठिका एक, कंपनी एक, विषय संतचरित्राचाच आणि काळात अवघ्या एका वर्षाचे अंतर. इतिहासात अशी जुळणी क्वचितच हाती लागते. या जुळणीवरून एवढे निश्चित दिसते की नटाची कीर्ती आणि नटाचा समाजमनावरील टिकाऊ परिणाम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंबहुना पहिली दुसरीच्या आड येऊ शकते. ‘धर्मात्मा’ पाहणाऱ्या प्रेक्षकाला पडद्यावर एकनाथ दिसत नसत, पुरुषवेषातील बालगंधर्व दिसत. तो चेहरा भामिनीने, रुक्मिणीने आणि सिंधूने आधीच व्यापलेला होता. पागनिसांचा चेहरा तुलनेने रिकामा होता. पुढे ‘संत तुलसीदास’ (१९३९) आणि ‘नरसी भगत’ (१९४०) या बोलपटांतही त्यांनी संतांच्याच भूमिका केल्या, आणि १९४३ मध्ये ते वारले. म्हणजे ज्या चेहऱ्यावर तुकोबा उमटले होते त्यावर दुसरे काही विसंगत उमटण्यास फारसा अवसरच मिळाला नाही.

परंतु चेहरा रिकामा असणे हे अर्धेच कारण झाले. दुसरे कारण परंपरेत शोधले पाहिजे. तुकोबांचे समकालीन म्हणून निर्विवाद मान्य झालेले चित्र उपलब्ध नाही. गाथेत त्यांचे अंतरंग इतके उघडे आहे की मराठीत तितके उघडे अंतरंग दुसऱ्या जुन्या कवीचे दिसत नाही, पण बाह्यरूप जवळजवळ नाहीच. पागोटे, वीणा, चिपळ्या, कपाळी बुक्का ही सामग्री शिळाछापाच्या पोथ्यांनी व तसबिरींनी ठरविली होती. ती कोणत्याही वारकऱ्याची सामग्री होती. त्या सामग्रीच्या मध्यभागी चेहऱ्याची जागा मोकळी होती, आणि तेथे पागनिसांचा चेहरा बसला. तो नाटकी हावभावांचा नव्हता. कॅमेऱ्यासमोर ते अभिनय करीत आहेत असे न वाटता भजन करीत आहेत असे वाटे. त्या रूपातील त्यांच्या चित्रांची पूजा झाली, दिनदर्शिकांवर व देव्हाऱ्यांत ती गेली, असे सर्वत्र नमूद झालेले आहे. ज्याने तो बोलपट कधी पाहिला नाही आणि पागनीस हे नावही ऐकले नाही, अशा माणसाच्या मनातील तुकोबांवरही त्या रूपाची छाया असू शकते. अनुकरणाच्या मोजमापात हा परिणाम येत नाही, कारण येथे कोणी कोणाचे अनुकरण केलेलेच नाही.

आता बोलपटाने जे करू पाहिले आणि जे त्याला करता आले नाही त्याकडे वळू. भाषेच्या अभ्यासकाला यातच अधिक स्वारस्य वाटेल.

या बोलपटात गाथेतील अभंगांबरोबर शांताराम आठवले यांचे एक नवे पद आहे. एका बीजापासून वृक्ष आणि वृक्षापासून असंख्य फुले-फळे, तरी शेवटी तत्त्व एकच, अशा आशयाचे हे पद पागनिसांनी तुकोबांच्या भूमिकेत गायिले. ते इतके बेमालूम उतरले की जाणकारांनाही ते तुकोबांचेच वाटले आणि गाथेत त्याचा शोध घेतला गेला, ही हकीकत मराठी चित्रपटाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. आठवल्यांच्या प्रतिभेचा तो मोठाच गौरव आहे. तथापि या हकीकतीचा खरा बोध निराळा आहे. पदाचे रूप तपासले तर ते गाथेतील नव्हे हे ओळखण्यास विशेष पांडित्य लागत नाही. एक तर त्यात ‘तुका म्हणे’ ही मुद्रिका नाही. दुसरे, अभंग म्हणून त्याची मोजणी केली तर एखाददुसरा चरण मोठ्या अभंगाच्या सहा अक्षरांच्या मापात बसतो, परंतु सहा, सहा, सहा, चार ही रचना किंवा लहान अभंगाची आठ-आठ अक्षरांची रचना पदात सलग सापडत नाही. ‘सुमने’ यासारख्या शब्दाचे वळण आणि एकामागून एक येणाऱ्या नामांची मांडणी अर्वाचीन भावगीताला जवळची आहे. (सुटा शब्द हा पुरावा नव्हे, हे येथे विद्यार्थ्यांना सांगून ठेवले पाहिजे, शब्द जुन्या ग्रंथांतही सापडेल. निर्णय करावयाचा तो सर्व लक्षणे एकत्र पाहूनच.) आशयाविषयी म्हणावे तर अद्वैताची भाषा तुकोबांना परकी नाही, पण कोरड्या ब्रह्मज्ञानापेक्षा भक्त आणि देव यांचे वेगळेपण राखून त्या प्रेमाचे सुख भोगावे, हा त्यांचा आग्रह गाथेत पानोपानी आहे, आणि त्या आग्रहाची खूण या पदात नाही.

मग जाणकार फसले कसे? ते पद त्यांनी वाचले नव्हते, ऐकले होते; आणि ज्या मुखातून ऐकले ते मुख तुकोबांचे झालेले होते. चेहऱ्याची प्रामाण्यता शब्दांना मिळाली. माध्यमाच्या सामर्थ्याचे याहून नेमके उदाहरण मराठीत दुसरे आढळणार नाही.

असे असूनही ते पद गाथेत गेले नाही. गेल्या नव्वद वर्षांत ते आकाशवाणीवरून वाजले, ध्वनिमुद्रिकांवरून वाजले, शाळांच्या स्नेहसंमेलनांत गायिले गेले. वारकऱ्यांच्या कीर्तनात मात्र त्याला ‘प्रमाण’ म्हणून स्थान मिळण्यासारखे नाही. कीर्तनकार निरूपणात जो अभंगचरण आधारासाठी देतो त्याला वारकरी ‘प्रमाण’ म्हणतात, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. कीर्तनकाराने पहिले शब्द उच्चारताच मागे उभे असलेले टाळकरी ते प्रमाण ओळखून उचलतात. ही केवळ गायनाची सोय नाही, पाठाची ती परीक्षाही आहे. जे टाळकऱ्यांना उचलता येत नाही ते प्रमाण नव्हे. शंभर वर्षांच्या पाठांतराने आणि छापील गाथेच्या पारायणाने जी राखण उभी केली होती तिच्यापुढे देशभर गाजलेला बोलपटही थांबला. पद गोड म्हणून गाता आले, प्रमाण म्हणून देता आले नाही. चेहऱ्याच्या बाबतीत अशी राखण करणारा कोणीच नव्हता.

म्हणून माध्यमाचा परिणाम माध्यमाच्या बळावर जितका अवलंबून असतो तितकाच तो परंपरेने कोणत्या जागा धरून ठेवल्या आहेत आणि कोणत्या मोकळ्या सोडल्या आहेत यावर अवलंबून असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या मताची कसोटी म्हणून त्याच बोलपटातील आणखी एक पात्र पाहावे. सालोमालो. हे नाव वाशीकरांनी कल्पिलेले नाही. ते गाथेतच आहे. दुसऱ्याच्या कवितेवर आपले नाव घालून हरिदास म्हणून मिरविणाऱ्या या गृहस्थावर तुकोबांचा रोष आहे. पण गाथेत नाव आणि रोष याखेरीज फार थोडे आहे. येथेही जागा मोकळी होती, आणि बोलपटाने ती भागवत या नटाच्या भूमिकेने अशी भरली की सालोमालो हा मराठीत जवळजवळ सामान्यनामाच्या पंक्तीस गेला. त्यात एक गमतीचा भाग आहे. केशवराव भोळ्यांनी तुकोबांना भजनाची साधी चाल दिली आणि सालोमालोला नाटकी, तानबाजीची चाल दिली. तुकोबांचेच शब्द चोरून हा गृहस्थ नाट्यसंगीताच्या थाटात आळवतो आणि प्रेक्षक हसतो. ज्या रंगभूमीवर पागनीस वाढले आणि जिचे बालगंधर्व सम्राट होते, तिच्या गायकीला बोलपटाने येथे दांभिकाची गायकी ठरविले. एका लोकप्रिय माध्यमाने दुसऱ्याचा असा निकाल लावलेला आहे. तो न्याय्य होता असे मात्र म्हणता येणार नाही. नाट्यसंगीताने अभंगाची केलेली सेवा लहान नाही.

जिजाईची गोष्ट यांहून गुंतागुंतीची आहे. महिपतीने तिला कजाग रंगविले असले तरी तिच्या कष्टांची दखल घेतली होती. बोलपटात गौरी या नटीने केलेली जिजाई विठोबाशी भांडते, पोरांची पोटे भरते, म्हैस सांभाळते, नवऱ्यावर चिडते आणि त्याच्याशिवाय जेवत नाही. तिची भाषा घरातली, खटक्याची, क्रियापदांनी भरलेली; शास्त्र्यांची भाषा संस्कृत शब्दांनी जड; तुकोबांची या दोहोंच्या मध्ये, शांत. तीन पातळ्यांची ही मराठी प्रेक्षकाने एकाच वेळी ऐकली आणि त्यांतली घरातली भाषा त्याला सर्वांत खरी वाटली. मराठी बोलपटांत ग्रामीण बोली पुढे बहुधा विनोदासाठी वापरली गेली, हे लक्षात घेता १९३६ मधील हा वापर विशेष उठून दिसतो. तिचा परिणाम किती टिकला हे सांगणे कठीण आहे. जिजाईवर पुढे जे सहानुभूतीने लिहिले गेले त्यामागे हा बोलपटही असावा, इतकेच अनुमान करता येते.

अन्य प्रांतांतील उदाहरणे पाहता आपल्या उदाहरणाची मर्यादाही स्पष्ट होते. आंध्रात एन. टी. रामाराव यांनी ‘मायाबझार’ (१९५७) आदी चित्रपटांत कृष्ण केला, लोकांनी त्या रूपाची पूजा केली, आणि १९८२ मध्ये पक्ष स्थापून १९८३ च्या जानेवारीत ते मुख्यमंत्री झाले. दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेनंतर (१९८७-८८) सीता आणि रावण यांच्या भूमिका करणारे कलावंत १९९१ मध्ये लोकसभेवर निवडून आले. तेथे भूमिकेची पुण्याई नटाच्या पदरात पडली. पागनिसांच्या बाबतीत ओघ उलटा वाहिला: नटाचा चेहरा भूमिकेत विरून गेला व नटाचे नाव मागे पडले. प्रभातच्याच ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (१९४०) ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक हे अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. प्रेक्षकांनी त्यांना ज्ञानेश्वर म्हणूनच नव्हे तर पुढे अनेक चित्रपटांत कृष्ण म्हणूनही भक्तिभावाने स्वीकारले. त्या प्रेक्षकाला आपण आज समजतो तितका तो भाबडा नव्हता. नट आणि देव यांतला भेद त्याला कळत होता, पण नमस्कार करताना तो भेद काढून बसण्याचे कारण त्याला दिसत नव्हते.

पुढील काळात माध्यमे बदलली. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. श्रीनिवास खळे यांच्या चालींवर लता मंगेशकरांनी गायिलेले ‘अभंग तुकयाचे’ आले, भीमसेन जोशींची ‘संतवाणी’ गाजली, बाबामहाराज सातारकरांची कीर्तने ध्वनिफितींवरून गावोगावी ऐकली गेली. आता मोबाइलवर कीर्तनाचे तुकडे फिरतात आणि काही कीर्तनकार स्वतःच नटांइतके प्रसिद्ध झाले आहेत. २०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या ‘तुकाराम’ चित्रपटात जितेंद्र जोशी तुकोबा झाले, २०१४ पासून ‘तू माझा सांगाती’ या मालिकेत चिन्मय मांडलेकर झाले. दोन्ही कामे जाणतेपणाने केलेली आहेत. परंतु १९३६ मध्ये जागा रिकामी होती, तशी ती आता राहिलेली नाही. नव्या नटाची तुलना प्रथम पागनिसांशी होते, तुकोबांशी नंतर. चालींच्या बाबतीत मात्र जे चालले आहे ते अधिक खोलवर जाणारे असावे. कारण पाठाची राखण करणारे टाळकरी चालीची राखण तितक्या कठोरपणे करीत नाहीत, आणि ध्वनिमुद्रिकेवरची चाल भजनात शिरली तर तिला अडविणारे प्रमाण कोणाजवळ नाही.

निघोजे परिसरात संकलनास जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढील अडचण ती हीच. एखाद्या वृद्ध गृहस्थाने म्हटलेले पद, सांगितलेली आख्यायिका किंवा तुकोबांच्या रूपाचे केलेले वर्णन ‘मौखिक परंपरा’ या एका शिक्क्याखाली नोंदविले तर त्यात महिपती, जोगांची शिस्त, आठवल्यांचे पद, भोळ्यांची चाल आणि कालपरवाची मालिका ही सर्व एकत्र येतील. देहूजवळच्या माणसाने सांगितले म्हणून ते जुने, हा तर्क येथे चालणार नाही. देहूजवळच्या माणसानेही तो बोलपट पाहिलेला असतो. तसेच छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरकडून कारखान्यात आलेल्या तरुणाला आजीकडून मिळालेला अभंग अधिक जुन्या पाठाचा असण्याची शक्यता आहे, आणि केवळ तो बाहेरचा म्हणून त्याला वगळणे चुकीचे होईल. तेव्हा संकलनाच्या प्रत्येक पत्रिकेत शब्द, चाल आणि चित्र यांच्या नोंदी स्वतंत्र कराव्यात. सांगणाऱ्याने ते कोठे व कोणाकडून प्रथम ऐकले हे विचारावे, कीर्तनात, पोथीवाचनात, तंबूतल्या सिनेमात, रेडिओवर की मोबाइलवर. मुद्रिका आहे की नाही हे पाहावे, अक्षरे मोजावीत, आणि गाथेत शोध घेतल्यावाचून पद तुकोबांच्या नावावर घालू नये. गाथेत न सापडलेले पद टाकूनही देऊ नये. ते स्वतंत्र पेटीत ठेवून, सांगणाऱ्याच्या मते ते कोणाचे, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे.